पलटणीतून घरी आल्यावर

स्मरणिका समितीने ‘आपल्या परिसराच्या इतिहासावर काहीतरी लिहा’ असं सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. किल्ल्यावर लिहिणारे मालवणात पुष्कळ आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ ही पायाभरणीची तारीख आपल्या सोसायटीतल्या चौथीतल्या पोरांनाही पाठ आहे. माझं आयुष्य गेलं बँकेत, त्यातली बरीच वर्षं पेन्शनच्या टेबलावर. त्यामुळे मला जो इतिहास थोडाफार कळतो तो लढाया जिंकल्याचा नाही, तर लढून घरी आलेल्या माणसाचं पुढे काय झालं, याचा. आपल्या इमारतींमध्ये आर्मी आणि नेव्हीतून निवृत्त झालेले सभासद आहेत, काही घरांत आज फॅमिली पेन्शन येते. तेव्हा विषय परका नाही, असं म्हणून लिहायला बसलो.

सुरुवात शिवकाळापासूनच करू. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत अफझलखानाच्या प्रसंगानंतरची एक हकिकत आहे. आपण सगळे वाघनखांपाशी थांबतो, पुढचं कोणी वाचत नाही. लढाईत पडलेल्यांच्या मुलांना सेवेत घेतलं, ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन चालू केलं, आणि जखमींना जखम बघून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली, असं त्यात नोंदवलेलं आहे. बँकेच्या भाषेत सांगायचं तर फॅमिली पेन्शन, अनुकंपा नोकरी आणि डिसॅबिलिटी, तिन्ही आली. आज मेडिकल बोर्ड अपंगत्वाचे टक्के ठरवतं, तेव्हा जखम बघून होन ठरायचे, एवढाच फरक. पुढे पेशवाईतही पडलेल्या शिपायाच्या लहान मुलांसाठी ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक असे. म्हणजे सरकारने सैनिकाच्या घराकडे बघायचं असतं, ही कल्पना इंग्रजांनी आणलेली नाही.

इंग्रजांनी आणली ती कागदपत्रं. १८१२ साली करवीरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्लं इंग्रजांच्या हातात गेलं. मुंबईच्या पलटणींत मात्र कोकणातली माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून होती. मराठा लाइट इन्फन्ट्री आपला जन्म १७६८ सालचा सांगते. कोकणी माणूस पलटणीत का गेला, याचं उत्तर शौर्य वगैरे म्हणून द्यायची पद्धत आहे. शौर्य होतंच. पण खरं कारण आपल्या जमिनीत आहे. वरकस जमीन, नाचणी-वरी, चार महिने पाऊस आणि आठ महिने हात रिकामे. मग एक भाऊ शेतीला, एक मुंबईला आणि एक पलटणीत, अशी वाटणी घरोघर झाली. रोकड पैसा घरात येणार तो मुंबईच्या मनीऑर्डरीतून, नाहीतर पलटणीतून परत आलेल्याच्या पेन्शनीतून. ज्या गावात सगळा व्यवहार भाताच्या मापाने चालायचा, तिथे दर महिन्याला नक्की येणाऱ्या चार रुपयांची किंमत आज समजायची नाही.

या पेन्शनीने काय घडवलं त्याचं मोठं उदाहरण आपल्या वरच्या बाजूला, दापोलीला आहे. तिथे १८१८ नंतर इंग्रजांचा कॅम्प होता, म्हणून अजून जुनी माणसं ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. नियमित फौज गेल्यावरही निवृत्त सैनिकांची वस्ती तिथे राहिली. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीत राहिले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर मुलाबाळांना घेऊन काही काळ दापोलीत होते. त्या मुलांतला धाकटा भीमराव. पलटणीच्या शाळेने अक्षर दिलं आणि पेन्शनीने पोटाची काळजी थोडी कमी केली, म्हणून ही माणसं गावकीच्या तोंडाकडे न बघता उभी राहू शकली, असं माझं मत आहे. इतिहासाच्या प्राध्यापकांनी ते तपासून घ्यावं.

आणि मग १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरतीच सरकारने बंद केली. वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्जाचा मसुदा केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार्स ही पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. चार वर्षांच्या नोकरीवर पेन्शन कुठली बसणार? पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट नव्याने उभी राहिली, ती आजही आहे. पण मधल्या काळात घरी पाठवलेल्यांचं काय झालं, हा प्रश्न वाचकांनी लक्षात ठेवावा. तो पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

पहिल्या महायुद्धाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्याच्या खुणा आपल्याजवळ आहेत. कोकणात कितीतरी गावांत शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते. या गावातून अमुक माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यातली अमुक कामी आली. नावं नाहीत, फक्त आकडे. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला, शेवटी खायला घोड्याचं मांस उरलं आणि सगळे तुर्कांच्या कैदेत गेले. सावंतवाडीचे बापूसाहेब महाराज स्वतः त्या आघाडीवर जाऊन आले होते.

युद्ध संपल्यावर बक्षिसं वाटली गेली. पंजाबात कालव्याखालच्या नव्या वसाहतींत सैनिकांना जमिनी दिल्या, चार लाख एकरांच्या वर. कोकणात ना कालवा, ना सरकारपाशी वाटण्यासारखी जमीन. आपल्या माणसाला फार तर ‘जंगी इनाम’ म्हणजे दोन पिढ्यांपुरती महिना ठरावीक रक्कम, आणि तीही निवडक लोकांनाच. वशिला कमी पडला असं म्हणणारे म्हणोत, पण मला वाटतं डोंगरउतारावरच्या शेतकऱ्याला देण्यासारखं सरकारजवळ काही नव्हतंच आणि त्याने मागितलंही नाही. मागण्याची सवय आपल्याला उशिरा लागली. १९१९ मध्ये दिल्लीला ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ स्थापन झालं. बरीच नावं बदलत १९७५ मध्ये त्याचं केंद्रीय सैनिक बोर्ड झालं. आज आपल्या जिल्ह्यात जे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, त्याची मुळी तिथपर्यंत पोचते.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य वीस लाखांच्या वर गेलं. ते संपल्यावर एवढी माणसं एकदम सोडायची म्हणजे केवढा प्रश्न! आपण ज्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणतो, जिथे माझ्या पिढीने मॅट्रिक झाल्या झाल्या नाव नोंदवलं आणि मग वर्षानुवर्षं कार्ड रिन्यू करत बसली, ते खातं १९४५ मध्ये मुळात सुटून येणाऱ्या सैनिकांना काम लावून देण्यासाठी निघालं. बेकार पदवीधरांसाठी ते नंतर खुलं झालं. हे मला स्वतःलाही बँकेत लागल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं.

पण काम सगळ्यांना कुठून मिळणार? मुंबईत १८ फेब्रुवारी १९४६ ला ‘तलवार’वरून नौसैनिकांचा जो संप सुरू झाला, त्याची कहाणी आपण निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ एवढ्यावर आटोपतो. संपवाल्यांच्या मागण्यांची यादी नीट बघा. आझाद हिंद फौजेच्या कैद्यांची सुटका आणि पगारवाढ होतीच, पण त्यांच्याबरोबर ‘आम्हाला लवकर सोडा आणि शांततेच्या काळातली नोकरी द्या’ हीही मागणी होती. युद्धापुरते भरती केलेले ते विशीतले पोरगे. उद्या बोटीवरून उतरवल्यावर खायचं काय, ही भीती त्या संपात होती. किनाऱ्यावरच्या आपल्या गावांतून कितीतरी मुलगे तेव्हा नेव्हीत होते. पाच दिवसांनी संप मिटला. पुढे ४७६ जणांना काढून टाकलं असं सांगतात. त्यांना ना पेन्शन, ना स्वतंत्र भारताच्या नौदलात जागा. १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांची सन्मान पेन्शन सुरू झाली आणि त्यात पुढे या बंडालाही मान्यता मिळाली. तोपर्यंत पाव शतक होऊन गेलं होतं.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास म्हणजे सरकारी आदेशांचा इतिहास. त्यातले थोडेच सांगतो, बाकीचे सांगितले तर तुम्ही पान उलटाल. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन. शाळेत आपण कागदी झेंडा छातीला टाचणीने लावून घ्यायचो, त्याचा निधी या कामाला जातो. १ जानेवारी १९६४ पासून साधी फॅमिली पेन्शन आली. त्याआधी नवरा लढाईत किंवा नोकरीमुळे मेला तरच बायकोला काही मिळे. तो निवृत्त होऊन घरी तापाने गेला तर त्याची पेन्शन त्याच्याबरोबर संपायची. १९७१ च्या युद्धानंतर रणांगणावर पडलेल्यांच्या पत्नींना वाढीव दराची पेन्शन सुरू झाली.

मग १९७३. तिसऱ्या वेतन आयोगाआधी जवानाला शेवटच्या पगाराच्या ७० टक्के पेन्शन मिळे, ती ५० टक्क्यांवर आली आणि मुलकी नोकरांची मात्र वाढून ५० झाली, असं माजी सैनिकांच्या संघटना आजपर्यंत सांगत आल्या आहेत. यातली खोच अशी की मुलकी नोकर अठ्ठावन्न-साठीपर्यंत पगार घेतो. जवान पंधरा-सतरा वर्षं करून पस्तिशी-चाळिशीत बाहेर पडतो. मुलगा सहावीत, आईबाप म्हातारे, घराचं छप्पर गळतंय, आणि हा पेन्शनर! पुन्हा, त्याची पेन्शन त्या साली असलेल्या पगारावर गोठते. त्याच हुद्द्याचा, तेवढीच नोकरी केलेला माणूस दहा वर्षांनी निवृत्त झाला की त्याला दुप्पट मिळते. १७ डिसेंबर १९८२ ला सुप्रीम कोर्टाने नकारा खटल्यात सांगितलं की पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, केलेल्या नोकरीचा हक्क आहे. निवृत्तीची तारीख बघून पेन्शनरांत भेद करता येणार नाही. (नकारा म्हणजे नाही म्हणणे नव्हे, ते अर्जदाराचं आडनाव. आमच्या शाखेत यावरून बरेच विनोद झाले.) तरीही ‘वन रँक वन पेन्शन’ यायला आणखी तेहेतीस वर्षं लागली. २०१५ च्या जूनपासून म्हातारे सैनिक जंतरमंतरवर बसले, ७ नोव्हेंबर २०१५ ला आदेश निघाला, लागू झाला १ जुलै २०१४ पासून. दर पाच वर्षांनी फेरआखणी ठरली, त्याप्रमाणे २०१९ आणि २०२४ अशा दोन झाल्या.

हे झालं दिल्लीचं. आमच्या काउंटरवर काय होत होतं ते सांगतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा लष्करी पेन्शन ट्रेझरीतून मिळे. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला ती बँकांकडे आली आणि आमच्याकडे जाडजूड पीपीओ येऊन पडू लागले. आर्मीचे अलाहाबादहून, नेव्हीचे मुंबईहून. पीपीओ म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर. पेन्शनर जिवंत असेपर्यंत अडचण कमी. इंग्रजी त्याला कळे, कॅन्टीनमध्ये वावरल्यामुळे साहेबाशी कसं बोलायचं तेही कळे. खरा घोळ तो गेल्यावर सुरू व्हायचा.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. माहेरची सुलोचना, सासरची लक्ष्मी, रेशनकार्डावर लक्ष्मीबाई, आणि नवऱ्याने पलटणीत ‘पार्ट टू ऑर्डर’ करताना क्लार्कला सांगितलेलं नाव सुलोचना. किंवा त्याने नोंद केलीच नाही, कारण लग्न झालं सुट्टीत आणि सुट्टी संपवून तो थेट सरहद्दीवर. नवरा गेल्यावर ही बाई मृत्यूचा दाखला घेऊन काउंटरवर यायची, आणि पीपीओवर भलतीच सुलोचना! मग अ‍ॅफिडेव्हिट, सरपंचाचा दाखला, सैनिक कल्याण कार्यालयाची शिफारस, ते कागद बेळगावला मराठा रेकॉर्डला, तिथून अलाहाबादला, आणि दुरुस्त पीपीओ परत. आठ महिने, वर्ष, कधी दोन वर्षं. तोपर्यंत तिने काय खायचं, हे कुठल्याच नियमात नव्हतं. एका शाखेत (नाव लिहीत नाही) असे कागद खालच्या ड्रॉवरमध्ये सहा महिने पडून राहिलेले मी बघितले आहेत. बाई मात्र दर आठवड्याला एसटीने येऊन बाकावर बसून जायची.

नोव्हेंबर महिना म्हणजे हयातीच्या दाखल्याचा. बाहेरच्या बाकावर सकाळी नऊपासून रांग. एक आजी दरवर्षी मला तोच प्रश्न विचारायची, ‘‘साहेबानू, मी हंय तुमच्या म्होरां उभी आसंय, मगे जिती असल्याचो दाखलो तुमका कित्याक व्हयो?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. अंगठा घ्यायचो आणि चहा मागवायचो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ आलं, अंगठा मशीनवर. आणि नारळ सोलून, माशे कापून ज्यांच्या रेषाच झिजल्यात त्यांचा अंगठा मशीन घेईना! आता चेहऱ्यावरूनही होतं, ते बरं झालं. लष्करी पेन्शन आता ‘स्पर्श’ नावाच्या संगणक प्रणालीतून थेट प्रयागराजहून येते आणि बँकेतला पेन्शनचा क्लार्क जवळजवळ संपला. पैसे वेळेवर येतात, हे मान्यच केलं पाहिजे. फक्त चूक झाली तर बाकावर बसून विचारायचं कुणाला, हे म्हातारीला कळत नाही.

‘पेन्शन विकणे’ हा शब्दही नव्या पिढीला माहीत नसेल. पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदली एकरकमी पैसे घ्यायचे, त्याला कागदावर अंशराशीकरण म्हणतात. पूर्वी विकलेला भाग कायमचा गेला. १९८६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तो पंधरा वर्षांनी परत मिळू लागला. मालवण तालुक्यातली कितीतरी चिरेबंदी घरं अशी विकलेल्या पेन्शनीतून उठली आहेत. आपल्या सोसायटीचे सुरुवातीचे काही हप्तेही त्यातलेच, हे तेव्हाच्या खजिनदारांना आठवत असेल.

नेव्हीवाल्यांची एक वेगळी कथा, मालवणात ती सांगायलाच हवी. पूर्वी खलाशाची भरती दहा वर्षं प्रत्यक्ष नोकरी आणि पुढे दहा वर्षं राखीव दलात, अशी असे. दोन्ही मिळून रिझर्व्हिस्ट पेन्शन. ३ जुलै १९७६ च्या आदेशाने राखीव दलात घेणंच थांबवलं. दहा वर्षं समुद्रावर काढलेली माणसं रिकाम्या हाताने घरी आली, कारण पेन्शनला पंधरा वर्षं लागतात. कोणी ट्रॉलरवर गेला, कोणी आखातात. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्या तारखेआधी ज्यांची दहा वर्षं भरली होती त्यांना विशेष पेन्शन द्या. चाळीस वर्षांनी! निकाल ऐकायला त्यातले किती उरले असतील?

नोकऱ्यांचं थोडक्यात सांगतो. राज्य सरकारच्या क आणि ड वर्गात माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात १० आणि २० टक्के, बँकांत क्लार्कसाठी साडेचौदा आणि शिपाईवर्गात साडेचोवीस टक्के. आमच्या बँकेच्या दारावर बंदूक घेऊन बसलेला गार्ड बहुतेक वेळा निवृत्त नाईक नाहीतर हवालदार असे. ज्याने सियाचीन बघितलं त्याला आम्ही ‘जरा झेरॉक्स काढून आण’ म्हणायचो, आणि तो शिस्तीत जायचा. औषधपाण्यासाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस सुरू झालं, ते फार मोठं काम झालं. पण आपल्या जिल्ह्याचा आकार लांबट, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला घाट. मोठं दुखणं निघालं की बेळगाव, कोल्हापूर किंवा गोवा. ऐंशीच्या माणसाला आंबोलीची वळणं सोसत नाहीत.

२०२३ च्या ४ डिसेंबरला नौदल दिन आपल्या किनाऱ्यावर झाला. लाटांवर बोटी, वर विमानं, आपण सगळे गच्चीवरून बघत होतो. त्याच वर्षी अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्या बाहेर पडल्या होत्या. जून २०२२ मध्ये जाहीर झालेली ही योजना सगळ्यांना माहीत आहे. चार वर्षं नोकरी, शेवटी सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी, शंभरातले पंचवीस कायम, बाकीचे घरी. पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. देशाला तरुण सैन्य हवं आणि पेन्शनचा खर्च वाढतोय, हे आकडे मी बँकेचा माणूस म्हणून समजू शकतो. पण वर मी १९२१, १९४६ आणि १९७६ अशी तीन सालं लिहिली. तिन्ही वेळा मधेच सोडलेल्या माणसांचा हिशेब तेव्हा केला नाही, आणि जो झाला तो पाव किंवा अर्ध्या शतकानंतर कोर्टात नाहीतर मंत्रालयात. २०२६-२७ पासून पंचविशीच्या आतले मुलगे गावाकडे परतू लागतील. अकरा लाखांत आजकाल ट्रॉलरही येत नाही. निमलष्करी दलात, पोलिसांत आरक्षण जाहीर झालंय, ते प्रत्यक्षात किती उतरतं ते बघायचं. आपल्या सोसायटीतल्याही दोन-तीन मुलांचा भरतीसाठी पहाटे चिवल्याच्या वाळूत सराव चालू असतो. त्यांच्या पालकांनी सेवा निधी आला की पहिल्या दिवशी एजंटला दारात उभं करू नये, एवढी विनंती.

शेवटी कामाचं. २०२० मध्ये राज्य सरकारने माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना राहत्या एका घराच्या मालमत्ता करात माफी दिली आहे. त्याला अटी आहेत, सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. आपल्यातल्या कोणकोणत्या सभासदांनी नगरपरिषदेत अर्ज केला आहे ते सेक्रेटरींनी एकदा बघावं, काहींनी केलेला नाही हे मला नक्की माहीत आहे. तसंच, ज्या घरात लष्करी पेन्शन येते त्यांनी पीपीओ कपाटातून काढून पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का ते आजच ताडून बघावं. नवरा हयात असताना ही दुरुस्ती सोपी असते. येत्या नोव्हेंबरच्या पहिल्या दोन रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. पीपीओ, आधार, बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन या. ज्यांना जिना उतरवत नाही त्यांनी निरोप द्यावा, मी वर येईन. चहा तुमच्याकडे.